दारूभार-तक्ता

दारूभार-तक्ता म्हणजे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा रायफलीच्या वापरलेल्या काडतुसात पुन्हा दारू भरताना कोणत्या प्रकारची दारू किती वजनाची घ्यावी, हे चाचणीच्या आधारे सांगणारे कोष्टक होय. काडतुसाचा प्रकार, गोळीचे वजन व घडण, दारूचे नाव, प्रायमर, काडतुसाची एकूण लांबी, मिळणारा वेग आणि निर्माण होणारा दाब या बाबी अशा तक्त्यात एका ओळीत दिलेल्या असतात. असे तक्ते प्रामुख्याने दारूचे व गोळ्यांचे उत्पादक प्रसिद्ध करतात. काडतूस पुनर्भरण हा छंद कायदेशीर असलेल्या अमेरिकेसारख्या देशांत त्यांचा वापर मोठ्या प्रमाणावर होतो.

दारूभार-तक्त्यातील आकडा हा केवळ दारूचा गुणधर्म नसतो. ठरावीक घटकांच्या ठरावीक जुळणीवर प्रत्यक्ष मोजलेल्या दाबाचा तो निष्कर्ष असतो. जुळणीतील एखादा घटक बदलल्यास आकड्याची विश्वासार्हता तेवढ्या प्रमाणात कमी होते. त्यामुळे तक्ता कोणी, कोणत्या साधनांनी आणि कोणत्या घटकांवर चाचणी घेऊन तयार केला, याला आकड्याइतकेच महत्त्व असते. चुकीच्या भारामुळे शस्त्राची नळी किंवा सिलिंडर फुटून नेमबाजाला व जवळ उभ्या असलेल्यांना गंभीर इजा होऊ शकते.

काडतुसाचे घटक व एकके

काडतुसाचे चार घटक असतात : पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, दारू आणि पुंगळीच्या तोंडाशी बसवलेली गोळी. झडलेल्या काडतुसाची पुंगळी बहुधा पुन्हा वापरता येते. जुना प्रायमर काढून पुंगळी मूळ मापावर आणणे, नवा प्रायमर बसवणे, मोजून दारू भरणे आणि गोळी बसवणे, हा पुनर्भरणाचा सर्वसाधारण क्रम आहे.

दारूचे व गोळीचे वजन ग्रेन या एककात दिले जाते. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६४.८ मिलिग्रॅम असून ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. एका ग्रॅममध्ये सुमारे १५.४ ग्रेन असतात. त्यामुळे ग्रेन व ग्रॅम यांची गल्लत झाल्यास भार पंधरा पटींनी चुकतो. ग्रेन या शब्दाचा इंग्रजीतील दुसरा अर्थ ‘कण’ असा असला, तरी तक्त्यातील ग्रेनचा दारूच्या कणांच्या संख्येशी संबंध नसतो. पिस्तुलाच्या काडतुसात दारू अत्यल्प असते. ९ मिमी लूगर काडतुसात सामान्यतः काही ग्रेन इतकीच दारू मावते. त्यामुळे ग्रेनच्या एक-दोन दशांशांचा फरकही दुर्लक्षणीय नसतो.

इतिहास

काळ्या दारूच्या काळात भाराचा प्रश्न तुलनेने सोपा होता. पुंगळी जवळजवळ काठोकाठ भरली जाई आणि पुंगळीच्या आकारामुळेच कमाल भारावर मर्यादा पडे. अनेक काडतुसांच्या नावातच भार सांगितलेला असे. उदाहरणार्थ, .४४-४० या नावातील दुसरा आकडा ४० ग्रेन काळ्या दारूचा निर्देश करतो. हे काडतूस रायफल व रिव्हॉल्व्हर या दोन्हींत वापरले जाई.

१८८४ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी नायट्रोसेल्युलोजवर आधारित निर्धूम दारू तयार केली. त्यानंतर आल्फ्रेड नोबेल यांची बॅलिस्टाइट व ब्रिटनमधील कॉर्डाइट या निर्धूम दारू प्रचारात आल्या. समान वजनाच्या काळ्या दारूपेक्षा निर्धूम दारूतून कितीतरी अधिक ऊर्जा मिळते. शिवाय तिचा ज्वलनवेग कणांचा आकार, पोत व लेप यांनुसार बदलतो. पुंगळी भरली म्हणजे भार योग्य झाला, हा जुना नियम त्यामुळे निरुपयोगी ठरला. काळ्या दारूच्या मापाने निर्धूम दारू भरल्याने शस्त्रे फुटण्याचे प्रकार घडले. दारूचे वजन करणे आणि प्रत्येक दारूसाठी स्वतंत्र तक्ता पाहणे आवश्यक झाले.

पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा धोका आणखी एका कारणाने वाढला. .४५ कोल्ट (१८७३) व .३८ स्पेशल यांच्या पुंगळ्यांची लांबी काळ्या दारूच्या मानाने ठरलेली आहे. निर्धूम दारूचा योग्य भार अशा पुंगळीचा लहानसा भागच व्यापतो. त्यामुळे चुकून दुप्पट भार पडला, तरी तो पुंगळीत सहज मावतो.

अमेरिकेत जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेल्या आयडियल कंपनीच्या हस्तपुस्तिका हे पुनर्भरणावरील आरंभीचे लोकप्रिय साहित्य होय. ही कंपनी १९२५ मध्ये लायमन कंपनीकडे आली आणि हस्तपुस्तिकांची परंपरा लायमनच्या नावाने पुढे चालू राहिली. फिलिप शार्प यांचा पुनर्भरणावरील बृहद्ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला.

याच काळात एल्मर कीथ यांच्यासारखे नेमबाज स्वतःच्या अनुभवावर आधारित जोरकस भार सुचवीत होते. .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर जड भाराने फुटल्यानंतर कीथ .४४ स्पेशलकडे वळले, कारण त्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरच्या भिंती अधिक जाड होत्या. त्यांच्या प्रयोगांतून प्रेरणा घेऊन १९५५ मध्ये .४४ मॅग्नम हे काडतूस तयार झाले. तथापि नव्या काडतुसासाठी नवी दाबमर्यादा व तिला पेलणारे नवे रिव्हॉल्व्हर आवश्यक ठरले. .४४ मॅग्नमची पुंगळी मुद्दाम लांब ठेवण्यात आली, जेणेकरून ते काडतूस जुन्या .४४ स्पेशल रिव्हॉल्व्हरमध्ये बसणार नाही. त्याआधी, १९३० च्या दशकात, .३५७ मॅग्नमची पुंगळीही .३८ स्पेशलपेक्षा सुमारे ३.४ मिमी लांब करण्यात आली होती.

दाबाचे मापन

काडतूस झडल्यावर चेंबरमधील दाब एका मिलिसेकंदाहूनही कमी काळात शिखरावर पोहोचतो. हा दाब मोजण्यासाठी १८६० च्या दशकापासून तांब्याच्या लहान दंडगोलाचा उपयोग केला जाई. चेंबरला पाडलेल्या छिद्रातून दाब एका दट्ट्यावर पडे आणि दट्ट्याखालचा दंडगोल किती चेपला यावरून दाबाचा अंदाज बांधला जाई. या पद्धतीने मिळालेला आकडा ‘सीयूपी’ या एककात देतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दाबविद्युत संवेदक प्रचारात आले. दाबाच्या प्रमाणात विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाच्या साहाय्याने ते दाबाचा पूर्ण आलेख देतात. त्यांचे आकडे पौंड प्रति चौरस इंच (पीएसआय) किंवा मेगापास्कल या एककांत असतात.

सीयूपी व पीएसआय या आकड्यांत सर्व काडतुसांना लागू होणारे रूपांतराचे सूत्र नाही. .३५७ मॅग्नमची जुन्या पद्धतीनुसार मर्यादा ४५,००० सीयूपी, तर संवेदकानुसार ३५,००० पीएसआय आहे. जुन्या तक्त्यातील ४५,००० हा आकडा पीएसआय समजून वाचल्यास मर्यादेचे गंभीर उल्लंघन होते. तक्त्यातील दाबाचे एकक पाहणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

प्रमाणक संस्था व दाबमर्यादा

अमेरिकेत १९२६ मध्ये स्थापन झालेली ‘सॅमी’ ही शस्त्र व दारूगोळा उत्पादकांची संस्था काडतुसांची मापे व कमाल सरासरी दाब निश्चित करते. युरोपात हे काम १९१४ मध्ये स्थापन झालेला ‘सीआयपी’ हा आंतरराष्ट्रीय आयोग करतो. दोन्हींच्या मापनपद्धती वेगळ्या आहेत. सॅमीच्या पद्धतीत संवेदक पुंगळीच्या बाहेरून दाब मोजतो, तर सीआयपीच्या पद्धतीत पुंगळीला छिद्र पाडून वायूचा दाब थेट मोजला जातो. त्यामुळे दोहोंच्या मर्यादा अनेकदा किंचित वेगळ्या दिसतात. ९ मिमी लूगरसाठी सॅमीची मर्यादा ३५,००० पीएसआय (सुमारे २४१ मेगापास्कल), तर सीआयपीची २३५ मेगापास्कल आहे.

सॅमीच्या काही मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत :

.४५ कोल्ट – १४,००० पीएसआय
.३८ स्पेशल – १७,००० पीएसआय
.३८ स्पेशल +पी – २०,००० पीएसआय
.४५ एसीपी – २१,००० पीएसआय
९ मिमी लूगर – ३५,००० पीएसआय
.३५७ मॅग्नम – ३५,००० पीएसआय
.४४ मॅग्नम – ३६,००० पीएसआय

सॅमी ही संस्था दारूभार-तक्ते प्रसिद्ध करत नाही. ती फक्त मर्यादा ठरवते. त्या मर्यादेत राहून किती दारू भरता येईल, याची चाचणी उत्पादक आपापल्या प्रयोगशाळेत घेतात.

काडतुसाचे बाह्य माप सारखे असूनही शस्त्रांची ताकद वेगवेगळी असू शकते. .४५ कोल्ट हे याचे ठळक उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकातील आराखड्याच्या रिव्हॉल्व्हरसाठी आणि आधुनिक, जाड सिलिंडरच्या शस्त्रांसाठी काही हस्तपुस्तिका या काडतुसाचे दोन स्वतंत्र विभाग छापतात. दुसऱ्या विभागातील भार पहिल्या प्रकारच्या रिव्हॉल्व्हरमध्ये वापरणे अत्यंत धोकादायक असते.

तक्ता तयार करण्याची पद्धत

प्रयोगशाळेत किमान मापाचे चेंबर असलेली जाड चाचणी-नळी वापरतात. काडतुसे ठरावीक तापमानाला (सॅमीच्या पद्धतीत सुमारे २१° से.) ठेवून मग झाडली जातात. प्रत्येक भाराच्या अनेक फैरींचा दाब व वेग मोजून सरासरी काढली जाते. फैरीगणिक होणारा दाबातील चढउतारही विचारात घेतला जातो. सरासरी मर्यादेत असली तरी चढउतार फार मोठा असलेला भार तक्त्यात घेतला जात नाही.

या चाचणीतून सामान्यतः दोन आकडे मिळतात. प्रारंभ भार हा काम सुरू करण्यासाठीचा कमी भार असतो. कमाल भार हा ज्यापलीकडे जाऊ नये असा भार असतो. दोहोंमधील अंतर हे घटकांतील व शस्त्रांतील अपरिहार्य फरकांसाठी ठेवलेली जागा होय. केवळ कमाल भार दिला असल्यास त्याहून १० टक्के कमी भारापासून सुरुवात करावी, असा संकेत आहे. तथापि काही दारूंना हा संकेत लागू पडत नाही. एच-११० ही मॅग्नम काडतुसांसाठीची सावकाश जळणारी दारू फार कमी भरल्यास नीट पेटत नाही आणि गोळी नळीत अडकू शकते. त्यामुळे उत्पादकाने या दारूचा भार ३ टक्क्यांहून अधिक कमी करू नये अशी सूचना दिली आहे.

तक्त्यातील घटकांचे महत्त्व

गोळी : समान वजनाच्या दोन गोळ्यांमुळेही दाब वेगवेगळा होऊ शकतो. ओतीव शिशाची गोळी, तांब्याचा मुलामा दिलेली गोळी, तांब्याच्या जाड वेष्टनाची गोळी आणि संपूर्ण तांब्याची गोळी यांचे नळीशी होणारे घर्षण सारखे नसते. शिवाय गोळीची लांबी वेगळी असल्यास तिचा पुंगळीतील भागही कमी-अधिक होतो.

एकूण लांबी : ९ मिमी लूगर पुंगळीचे आकारमान केवळ ०.८६ घन सेंमीच्या आसपास असते. गोळी अधिक खोल बसल्यास दारूसाठी उरणारी जागा घटते. निर्धूम दारूचा ज्वलनवेग दाबाबरोबर वाढतो आणि वाढलेल्या ज्वलनवेगाने दाब आणखी चढतो. त्यामुळे जागेतील अल्प घट दाबात मोठी वाढ घडवू शकते. स्पीअर कंपनीच्या हस्तपुस्तिकेत नोंदवलेल्या एका चाचणीत ९ मिमी काडतुसातील गोळी ०.०३० इंच (सुमारे ०.८ मिमी) अधिक खोल बसवल्यावर दाब २८,००० वरून ६२,००० सीयूपीपर्यंत गेला. तक्त्यात एकूण लांबी दिली जाते ती याच कारणासाठी. ९ मिमी लूगरची कमाल एकूण लांबी २९.६९ मिमी असली, तरी प्रत्येक गोळीसाठी तक्त्यातील लांबी वेगळी असते.

प्रायमर व पुंगळी : मॅग्नम प्रायमरची ज्योत अधिक प्रखर असल्याने साध्या प्रायमरऐवजी तो वापरल्यास दाब बदलू शकतो. जाड भिंतीच्या पुंगळीत आतली जागा कमी असते.

नळीची लांबी : तक्त्यातील वेग चाचणी-नळीचा असतो. आखूड नळीच्या पिस्तुलात वेग कमी मिळणे स्वाभाविक असते. तक्त्यातील वेग गाठण्यासाठी भार वाढवत नेणे, ही वारंवार होणारी चूक आहे.

विश्वासार्ह स्रोत

विश्वासार्ह स्रोतांचे तीन गट पडतात. पहिला गट दारूच्या उत्पादकांचा व विक्रेत्यांचा. अमेरिकेतील हॉजडन व अलायंट, तसेच फिनलंडमधील विहतावुओरी ही त्यांतील परिचित नावे होत. त्यांच्या तक्त्यांत बहुधा दाबाचे आकडेही दिलेले असतात आणि दारूच्या घडणीत बदल झाल्यास सुधारित तक्ता त्यांच्याकडूनच मिळतो. दुसरा गट स्पीअर, हॉर्नाडी, सिएरा यांसारख्या गोळी-उत्पादकांचा. विशिष्ट गोळीसाठी यांच्या हस्तपुस्तिका अधिक नेमक्या असतात. तिसरा गट लायमनसारख्या पुनर्भरणाची साधने बनवणाऱ्या कंपन्यांचा. लायमनच्या हस्तपुस्तिकेत अनेक कंपन्यांच्या दारूंचा व ओतीव शिशाच्या गोळ्यांचा समावेश असतो.

दोन विश्वासार्ह स्रोतांतील कमाल भार क्वचितच जुळतात. गोळी, पुंगळी, प्रायमर, दारूचा उत्पादन-गट आणि चाचणी-नळी यांपैकी काही ना काही वेगळे असल्याने हा फरक पडतो. अशा वेळी दोन्ही आकड्यांची सरासरी काढणे योग्य नसते. ज्या तक्त्यातील घटक आपल्या घटकांशी अधिक जुळतात तो प्रमाण मानून कमी प्रारंभ भारापासून सुरुवात करणे, ही मान्य पद्धत आहे.

जपून वापरावयाचे स्रोत

सांगोवांगीचे भार : एखाद्या नेमबाजाच्या पिस्तुलात निर्धोक ठरलेला भार दुसऱ्याच्या पिस्तुलात तसाच ठरेल, याची खात्री नसते. अशा भारांचा दाब बहुधा मोजलेला नसतो. लिहिताना एखादा अंक किंवा दशांशचिन्ह चुकले तरी ते लक्षात येण्याचा मार्ग नसतो. काही क्रीडाप्रकारांत गोळीचे वजन व वेग यांच्या गुणाकारावर गुणांकन अवलंबून असते. त्या स्पर्धांसाठी काही नेमबाज ९ मिमी काडतुसात प्रमाण मर्यादेपलीकडील भार भरतात. हे भार खास बांधणीच्या पिस्तुलांसाठीचे असल्याने सर्वसाधारण पिस्तुलाला लागू होत नाहीत.

जुनी पुस्तके : जुन्या आवृत्त्यांतील काही कमाल भार नव्या आवृत्त्यांत कमी केलेले आढळतात. संवेदकांमुळे पूर्वी न दिसलेली दाबशिखरे दिसू लागणे, हे त्याचे एक कारण आहे. दारूचे नाव तेच राहून उत्पादनस्थळ व घडण बदलणे, हे दुसरे कारण आहे.

ज्वलनवेगाच्या याद्या : या याद्या वेगवेगळ्या दारूंचा केवळ सापेक्ष क्रम दाखवतात. यादीत शेजारी असलेल्या दोन दारूंचे भार परस्परांना लावता येत नाहीत.

संगणकीय प्रणाली : क्विकलोडसारख्या प्रणाली गणिती प्रारूपावरून दाबाचा अंदाज देतात. तुलनेसाठी त्यांचा उपयोग होतो. मात्र अंदाज हा चाचणीला पर्याय ठरत नाही.

नामसाधर्म्य : हॉजडनच्या ‘क्लेज’, ‘इंटरनॅशनल क्लेज’ आणि ‘युनिव्हर्सल क्लेज’ या तीन भिन्न ज्वलनवेगांच्या दारू होत. याउलट एचपी-३८ व विंचेस्टर २३१ ही एकाच दारूची दोन नावे आहेत. काडतुसांच्या नावांतही असा गोंधळ संभवतो. ९ मिमी लूगर, ९ मिमी मकारोव्ह आणि .३८० एसीपी ही तिन्ही भिन्न काडतुसे आहेत.

अतिदाबाची लक्षणे व त्यांच्या मर्यादा

चपटा झालेला प्रायमर, फुगलेली पुंगळी किंवा रिव्हॉल्व्हरमधून पुंगळ्या कष्टाने निघणे ही अतिदाबाची लक्षणे मानली जातात. मात्र कमी दाबाच्या काडतुसांत ती फार उशिरा दिसतात. .३८ स्पेशलची मर्यादा १७,००० पीएसआय आहे, तर त्याच प्रकारचा प्रायमर .३५७ मॅग्नममध्ये त्याच्या दुपटीहून अधिक दाब सहन करतो. प्रायमर चपटा होईपर्यंत .३८ स्पेशलची मर्यादा कितीतरी मागे पडलेली असते. म्हणून लक्षणे दिसली नाहीत, हा भार सुरक्षित असल्याचा पुरावा ठरत नाही.

तक्ता अचूक असला तरी कृतीतील चुकीमुळे अपघात होऊ शकतो. त्यांत दुहेरी भार आणि दारूविना राहिलेले काडतूस हे दोन प्रकार विशेष गंभीर होत. दारूविना केवळ प्रायमरच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते. ते लक्षात न येता पुढची फैर झाडल्यास नळी फुगते किंवा फुटते. यासाठी पुढील दक्षता घेतल्या जातात : एका वेळी एकाच दारूचा डबा बाहेर ठेवणे, प्रमाणित वजनाने तराजू तपासणे, गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत प्रकाश टाकून दारूची पातळी पाहणे आणि तयार काडतुसांच्या पेटीवर दारू, भार, गोळी, प्रायमर व दिनांक यांची नोंद करणे. आवाज नेहमीपेक्षा हलका आल्यास नळी मोकळी असल्याची खात्री होईपर्यंत पुढील फैर झाडली जात नाही.

भारतातील स्थिती

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रे व दारूगोळा यांचे उत्पादन, विक्री, दुरुस्ती किंवा चाचणी करता येत नाही. त्यामुळे अमेरिकेप्रमाणे घरगुती छंद म्हणून काडतूस पुनर्भरण येथे रूढ नाही. लहान शस्त्रांच्या काडतुसांचे उत्पादन प्रामुख्याने सरकारी कारखान्यांत होते. महाराष्ट्रात पुण्याजवळील खडकी येथील १८६९ मध्ये स्थापन झालेला दारूगोळा कारखाना आणि जळगाव जिल्ह्यातील वरणगाव येथील आयुध निर्माणी ही त्याची केंद्रे असून २०२१ पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या अखत्यारीत आहेत. भार ठरवताना दाब प्रत्यक्ष मोजणे, हे तत्त्व कारखान्यातील उत्पादनालाही तितकेच लागू असते.